स्टेअरिंग ऑइल खात नाही

खंडेनवमीला आपल्याकडे गाडीची जेवढी मनोभावे पूजा होते तेवढ्या मनोभावे तिची देखभाल झाली असती, तर निम्म्या गॅरेजवाल्यांना दुसरा धंदा बघावा लागला असता. बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, चारही टायरांना हळद-कुंकू लागतं, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी हातभर पुढे घेतली जाते. हौशी घरांत बॉनेट उघडून आतही पूजा होते. बॅटरीला कुंकू लागतं, कारण ती ओळखता येते. एअर फिल्टरच्या डब्याला लागतं, कारण आतला सगळ्यात मोठा डबा तोच, तेव्हा इंजिन तेच असणार. पण तिथेच कडेला मुठीएवढी एक प्लास्टिकची डबी असते, झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असतं. तिच्या वाट्याला चार अक्षतासुद्धा येत नाहीत.

या डबीत पॉवर स्टेअरिंगचं ऑइल असतं. डबी, पंप, पाइप आणि रॅक सगळं मिळून साधारण लिटरभर. तेवढ्या ऐवजावर दीड-दोन टनांची गाडी एका हाताने वळते, दुसरा हात फोनला मोकळा राहतो, आणि वळवणाऱ्याला वाटतं, काय हात बसलाय आपला!

हात बसणं म्हणजे काय ते जुन्या एसटी ड्रायव्हरांना विचारावं. परातीएवढं स्टेअरिंग, खाली भरलेली बस आणि समोर आंबेनळी घाट. वळण आलं की ड्रायव्हर सीटवरून अर्धवट उठायचा, अंगाचा सगळा भार चाकावर टाकायचा आणि वळण संपलं की पुन्हा बसायचा. पोलादपूरहून महाबळेश्वरला पोचेपर्यंत त्याच्या किती उठाबशा होत असतील त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्या पिढीला व्यायामशाळा लागली नाही. महामंडळ पगार देऊन व्यायाम करून घेत होतं. मुंबईत पद्मिनी टॅक्सीवाल्याचं दुखणं निराळं. त्याचा गिअरही स्टेअरिंगलाच, त्यामुळे अरुंद गल्लीत गाडी उलटी फिरवताना त्याला दोन हात कमीच पडत. १९८३ साली मारुती ८०० आली ती मुळातच इतकी हलकी, की तिला वळवायला मदतनीस लागत नव्हता. अडकली तर चार माणसं उचलून बाजूला ठेवत.

मग नव्वदच्या दशकात पॉवर स्टेअरिंग मध्यमवर्गात शिरलं. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत गाडीपुढे ‘एसी, पीएस, पीडब्ल्यू’ अशी पदव्युत्तर अक्षरं लागायला लागली. म्हणजे एसी, पॉवर स्टेअरिंग आणि पॉवर विंडो. एसी सुरू केला की गार वाटायचं, काच खाली-वर होताना दिसायची. पीएसचं काहीच दिसत नव्हतं. ज्याचं काही दिसत नाही त्याची विचारपूस आपल्याकडे होत नाही.

खरं तर या यंत्राचा जन्मच दुर्लक्षात गेला. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर पियर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. अवजड ट्रक वळवताना माणसांची काय दशा होते ते त्याने पाहिलं होतं. नोकरी सोडून त्याने तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग बनवलं आणि १९२६ साली गाडीला बसवून दाखवलं. बघणाऱ्यांनी वाहवा केली. जनरल मोटर्सने हातात घेतलं, पण मंदी आली आणि ‘फार महाग पडतंय’ म्हणून बाजूला ठेवलं. सामान्य ग्राहकाला हे स्टेअरिंग मिळालं थेट १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत. पंचवीस वर्षं! आपल्याकडचा जमिनीचा दावासुद्धा कधीकधी याआधी निकालात निघतो.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या भानगडी त्यातूनच निघतात. इंजिन पट्ट्याने एक पंप फिरवतं. पंप ऑइलवर दाब आणतो. आपण स्टेअरिंग जरा वळवलं की आतला व्हॉल्व्ह त्या बाजूचा रस्ता उघडतो, ऑइल रॅकमध्ये एका अंगाला घुसतं आणि चाकं ढकलतं. टायरमध्ये हवा असते दोन-अडीच बारची. या पंपाचा दाब जोर लागेल तेव्हा शंभर बारच्या घरात जातो. आणि आपण म्हणतो, स्टेअरिंग किती मऊ आहे!

आता मूळ प्रश्न. हे ऑइल बदलायचं कधी?

पहिला सल्लागार म्हणजे गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक. ते डॅशबोर्डच्या खणात, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, टोल नाक्याच्या पावत्यांखाली सुखरूप असतं. धीर करून उघडलं तर इंजिन ऑइलबद्दल त्यात पानंच्या पानं असतात, तक्ते असतात, धमक्या असतात. पॉवर स्टेअरिंगच्या ऑइलबद्दल बऱ्याचदा एकच क्रियापद असतं: ‘तपासा’. तपासून काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. काही कंपन्या तर म्हणतात की हे ऑइल आयुष्यभर चालतं. कुणाच्या आयुष्यभर, ते सांगत नाहीत. ऑइलच्या आयुष्यभर असं धरलं, तर विधान कायमच खरं ठरतं.

दुसरा सल्लागार सर्व्हिस सेंटरचा. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्याचं उत्तर कुठल्याही प्रश्नाला एकच: “सर, करूनच घ्या.” तिसरा आपला नेहमीचा वस्ताद. त्याचंही उत्तर ठरलेलं: “चालतंय ना? मग कशाला हात लावताय?” या दोन तत्त्वज्ञानांच्या मध्ये गाडीमालक उभा असतो. पहिल्याचं ऐकलं तर खिसा रिकामा आणि दुसऱ्याचं ऐकलं तर एक दिवस पंप रिकामा.

जाणते मेकॅनिक साधारण पन्नास ते ऐंशी हजार किलोमीटर असा आकडा सांगतात, आणि तो बरा आहे. पण माझा स्वतःचा विश्वास आकड्यापेक्षा डोळ्यांवर जास्त. झाकण उघडावं, झाकणालाच बहुधा छोटी दांडी असते, तिच्या टोकाचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवावा. नवं ऑइल बहुतेक गाड्यांत लालसर आणि स्वच्छ असतं, काहींत पिवळट, काही युरोपीय गाड्यांत हिरवं. थेंब तपकिरी झाला असेल तर तारीख ठरवा. काळा असेल, करपट वास येत असेल, बोटाला कचकच लागत असेल, तर तारीख निघून गेलेली आहे. तो काळेपणा म्हणजे आतले रबरी पाइप आणि सील झिजून ऑइलात विरघळत चाललेत. गाडी आपलंच पोट आतून खरवडत असते आणि आपण वरून पॉलिश करत असतो.

वस्तादाचं आणखी एक लाडकं वाक्य आहे. डबीतली लेव्हल खाली गेलेली दिसली की तो शांतपणे म्हणतो, “जुनी गाडी आहे साहेब, थोडं खाणारच.” आपणही मान डोलावतो, कारण इंजिन ऑइल खातं हे आपण ऐकलेलं असतं. इंजिन खातं हे खरं आहे. तिथे आग आहे, धूर आहे, जाळायची सोय आहे. स्टेअरिंगमध्ये खायला तोंडच नाही. तो बंदिस्त कारभार आहे. पंपाकडून रॅककडे, रॅककडून डबीत, डबीतून पुन्हा पंपात. लेव्हल उतरली याचा अर्थ ऑइल कुठून तरी बाहेर पडलंय. पाइपाच्या क्लिपमधून, पंपाच्या सीलमधून, किंवा रॅकच्या टोकाला जे रबरी बूट असतात त्यांच्या आत. हे शेवटचं सगळ्यात लबाड. गळालेलं ऑइल बुटात साठत राहतं, जमिनीवर थेंब पडत नाही, आणि मालक अभिमानाने सांगतो की आमच्या पार्किंगमध्ये एक डाग दाखवा. काही लोक वर्षानुवर्षं दर महिन्याला त्या डबीत थोडं थोडं ओतत असतात. त्यांच्या गाडीचं ऑइल कधी बदलावंच लागत नाही. ते आपोआप बदलत असतं.

इथे एका नव्या गोंधळाची नोंद करायला हवी. १९८८ साली सुझुकीने सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीला विजेच्या मोटरवर चालणारं पॉवर स्टेअरिंग बसवलं. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारींत तेच असतं. पंप नाही, पाइप नाहीत, डबी नाही, म्हणून ऑइलही नाही. जुनी बोलेरो किंवा जुनी इनोव्हा असेल तर डबी सापडेल. नवी हॅचबॅक असेल तर शोधू नका. पण ज्याने आयुष्यभर गाडी राखली त्याला हे पटवणं सोपं नसतं. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांचा सर्व्हिसच्या पोराशी झालेला संवाद मी शेजारी उभा राहून ऐकला.

“स्टेअरिंगचं ऑइल बदल.”

“काका, हिला ऑइल नसतं.”

“नसतं कसं? आधीच्या गाडीला होतं.”

“ही इलेक्ट्रिक आहे काका.”

“इलेक्ट्रिक? अरे, पेट्रोल भरतो मी हिच्यात!”

पोराने बॉनेट उघडून दाखवलं. काकांनी वाकून सगळीकडे नजर फिरवली, काच धुवायच्या पाण्याच्या टाकीवर जरा संशयाने थांबले, आणि मग सरळ उभे राहून म्हणाले, “म्हणजे कंपनीने तेवढं वाचवलं.” याची उलटी बाजूही मी पाहिली आहे. ऑइलच नसलेल्या गाडीच्या बिलात ‘पॉवर स्टेअरिंग फ्लुइड टॉप-अप’ अशी एक ओळ होती. विचारल्यावर काउंटरवरून उत्तर आलं, “ते पॅकेजमध्येच येतं सर.” गाडीत काही आलं नव्हतं. बिलात आलं होतं.

डबीवाल्या गाडीचं ऑइल म्हातारं झालं किंवा कमी पडलं की ती बोलून दाखवते. वळताना ‘ऊंऽऽ’ असा एक कण्हण्याचा सूर निघतो, आणि तो नेमका कुठे निघावा? हायवेवर नाही, कारण तिथे वळायचं नसतं. तो निघतो सकाळी साडेसहाला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मधून गाडी काढताना. गॅलऱ्यांतून निदानं सुरू होतात. पहिला मजला म्हणतो बेअरिंग गेलं. दुसरा म्हणतो बेल्ट. तिसऱ्या मजल्याला डिझेलमध्ये भेसळ असल्याची खात्री असते. त्या मजल्याला सगळ्यातच भेसळ असल्याची खात्री असते. पहिल्या दोघांचं अगदीच चूक नाही, पट्टा सैल असला तरी आवाज येतो. पण पट्टा किंचाळतो आणि पंप कण्हतो, एवढा फरक कान देऊन ऐकला तर कळतो.

हा पंप अकाली म्हातारा करणारी एक जमात आहे. ती स्टेअरिंग पार शेवटाला टेकवून धरते. गाडी काढायची आहे, समोर रिक्षा आडवी आहे, रिक्षावाला चहा पितोय. हे आपले स्टेअरिंग टोकाला आवळून वाट बघत बसलेले. चाक आणखी वळू शकत नाही, पंप मात्र ढकलतच राहतो, दाब अगदी वरच्या टोकाला जातो आणि ऑइल तापतं. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त टेकवून धरू नये. टेकलं की केसभर सैल सोडावं. रिक्षावाल्याचा चहा तेवढ्याने लवकर संपत नाही, पण पंप वाचतो.

ऑइल आणायला पुण्यात नाना पेठेत जावं. स्पेअर पार्टच्या त्या बाजारात माहिती फुकट आणि उलटतपासणीसकट मिळते. अनेक गाड्यांच्या स्टेअरिंगला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल चालतं, डेक्स्रॉन नावाचं. झाकणावर किंवा पुस्तकात कुठलं ते लिहिलेलं असतं. ते मागितलं की काउंटरवरचा माणूस आधी गाडी विचारतो, मग गाडी ऑटोमॅटिक आहे का विचारतो. आपण नाही म्हणतो. तो आपल्याकडे पाहतो. आपण ‘स्टेअरिंगसाठी’ म्हणतो. मग तो “असं सांगा की” म्हणून ज्या आवाजात आत हाक मारतो त्यावरून रांगेतल्या सगळ्यांना आपली पातळी कळते.

पण दुकानापर्यंत न जाणारा वर्ग जास्त धोकादायक. तो म्हणतो, “घरात ब्रेक ऑइल पडलंय, तेच टाकू.” घरात पडलंय ते वापरून टाकणे या तत्त्वावर आपली स्वयंपाकघरं चालतात आणि उत्तम चालतात. शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो. ब्रेक ऑइलचं स्टेअरिंग ऑइल होत नाही. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि स्टेअरिंगचे रबरी सील खनिज तेलाला सोसतील असे केलेले असतात. त्यांना ब्रेक ऑइल लागलं की ते फुगतात, सुटतात, आणि पाव लिटर ऑइल वाचवण्याच्या नादात रॅकसकट सगळं बदलायची वेळ येते. लाल आणि हिरवं एकत्र करणं हाही तसलाच उद्योग.

बदलण्याची घरगुती रीत अगदी साधी आहे, फक्त तिची सुरुवात औषधाच्या दुकानात होते. पन्नास मिलीची मोठी सिरिंज आणि हातभर बारीक नळी लागते. दुकानदार विचारतो, “पेशंट कोण?” आपण गाडी म्हणतो. तो हसत नाही. त्याने याहून विचित्र गिऱ्हाइकं पाहिलेली असतात. इंजिन बंद ठेवून सिरिंजने डबीतलं जुनं ऑइल ओढून काढायचं, खुणेपर्यंत नवं भरायचं, इंजिन सुरू करून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, बंद करायचं आणि पुन्हा ओढायचं. डबीत असतं तेवढंच दर वेळी निघतं. उरलेलं पाइपांत आणि रॅकमध्ये दडून बसतं आणि नव्यात मिसळतं. त्यामुळे हा खेळ चार-पाचदा करावा लागतो. थेंबाचा रंग सुधारला की थांबायचं. जुनं शंभर टक्के कधीच जात नाही, पण ज्याला संध्याकाळी जेवायच्या आत घरी जायचंय त्याला ही रीत बरी.

पूर्ण सफाई करायची तर डबीकडे परत येणारा पाइप सोडवून बाटलीत घालावा लागतो, डबीचं उघडं तोंड बुचाने बंद करावं लागतं, आणि पुढची चाकं जमिनीपासून उचलून पक्क्या स्टँडवर ठेवावी लागतात. नुसत्या जॅकवर नाही. विटांवर तर मुळीच नाही. मग एकाने आत बसून स्टेअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने डबीत नवं ओतत राहायचं. बाटलीत आधी काळं येतं, मग मळकं, मग स्वच्छ. डबी रिकामी पडू द्यायची नाही, कारण कोरडा फिरला की पंप संपला. म्हणजे हे काम दोघांचं आहे, आणि बहुतेक घरांत ते दोघे नवरा-बायको असतात. नवरा बॉनेटखाली, बायको आत.

“फिरव!”

“कुठे?”

“इकडे!”

बॉनेट उघडं असल्यामुळे आत बसलेल्याला ‘इकडे’ दिसत नाही. दिसलं तरी समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं इकडे म्हणजे आतल्याचं तिकडे. दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचंच असल्याने कुठूनही सुरुवात केली तरी चालतं, ही गोष्ट त्या क्षणी दोघांनाही आठवत नाही. ऑइलचा विषय मागे पडतो आणि गेल्या दिवाळीत गाडी भिंतीला कुणी घासली तो निघतो. तेवढ्यात डबी रिकामी होते.

पंप तरीही बचावला, तर पाइप परत जोडून हवा काढायची. आत हवा धरली की ऑइलला फेस येतो आणि स्टेअरिंग पहिल्यापेक्षा जास्त कण्हायला लागतं. तेव्हा घाबरून लगेच गॅरेज गाठू नये. चाकं वर असतानाच, इंजिन बंद ठेवून, झाकण उघडं टाकून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा सावकाश फिरवायचं. बुडबुडे येतात, फुटतात, लेव्हल उतरते, थोडं भरायचं. फेस असेल तर तासभर गाडी तशीच राहू द्यायची. डबीवर गार आणि गरम अशा दोन खुणा असतील तर गार गाडीत गारच्या खुणेपर्यंत भरायचं. खालच्या रेघेपेक्षा वरची रेघ बरी आणि वरच्या रेघेपेक्षाही थोडं वर अजून बरं, असा पाहुण्याला वाढताना असतो तसा आग्रह इथे नको. तापल्यावर ऑइल फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं.

शेवटी उरतं ते बाटलीभर काळं ऑइल. कायद्याने हे घातक कचऱ्यात धरलं जातं, त्यामुळे ते गटारात किंवा आंब्याच्या बुंध्याशी ओतू नये. वस्तादाच्या गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा पिंप असतो, त्यात द्यावं. तो पिंप पुढे शुद्धीकरणवाले घेऊन जातात. एवढं मी गावाहून आलेल्या मामांना समजावून सांगत होतो. मामांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

“वाळवीला चालेल की. गोठ्याच्या दाराला.”

म्हटलं मामा, हे घातक आहे.

“वाळवीला घातकच पाहिजे,” मामा म्हणाले आणि बाटली पिशवीत टाकू लागले. मी ती काढून घेतली. मग त्यांनी खाली उभ्या असलेल्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांवरून एक नजर टाकली आणि विचारलं, “या बाकीच्यांचं कधी काढतात?”